भ्यालेल्यांचा हिशेब

चाळीस वर्षे आम्ही कीर्तनात एक दृष्टांत सांगत आलो. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा येते. त्या चोविसांत हरीण हा एक गुरू. गाण्याच्या स्वराला ते भुलते, धावायचे विसरते आणि व्याधाच्या हाती सापडते. बोध काय घ्यायचा? तर कानाच्या गोडीत अडकू नये. श्रोते माना डोलावतात, टाळकरी नामाचा गजर करतात, आणि आम्ही पुढच्या गुरूकडे वळतो. चाळीस वर्षे हे असे चालले. चूक हरिणाची आणि शहाणपण आमचे!

२०१९ सालच्या सप्टेंबरात कॅनडातील कॅलगरी शहरी तेथील मराठी मंडळींनी आमची कीर्तने ठेवली होती. पहिल्याच दिवशी हा दृष्टांत आला. कीर्तन आटोपले, प्रसाद वाटला गेला, आणि यजमानांची अकरा वर्षांची मुलगी आमच्यापाशी येऊन बसली. म्हणाली, "आजोबा, हरणाची चूक तुम्ही सांगितलीत. पण त्याला फसवायला जो गातो, त्याचं काय? आमच्या शेजारचे काका अस्संच करतात. नळीतून हरिणीचा आवाज काढतात, आणि नर जवळ आला की पाहुण्यांना सांगतात, आता मारा."

सज्जनहो, पाठशाळेत आम्हाला पुष्कळ पूर्वपक्ष शिकवले होते. हा शिकवला नव्हता. आम्ही त्या पोरीला "बाळ, उद्या सांगतो" म्हणालो. ते उद्याचे उत्तर द्यायला इतकी वर्षे लागली. ते बरोबर आहे की नाही हे वाचकांनीच ठरवावे.

दुसऱ्या दिवशी त्या शेजाऱ्यांची गाठ घेतली. गृहस्थ सालस, बोलायला मोकळे. तिकडे शिकारीची सर्व सोय करून देणारा एक वर्ग आहे, त्याला आउटफिटर म्हणतात. तंबू, घोडे, शिधा, वाटाड्या, सारे तो पुरवतो आणि पैसे मोजणाऱ्या पाहुण्याला जनावरापर्यंत नेऊन भिडवतो. परक्या देशच्या माणसाला अल्बर्टा प्रांतात असा वाटाड्या घेतल्याविना मोठ्या जनावराची शिकार बहुधा करता येत नाही. हे गृहस्थ अशाच एकाकडे हंगामापुरते वाटाड्याचे काम करीत. मुख्य शिकार एल्कची. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातले पण त्याहून पुष्कळ थोराड हरीण. सप्टेंबर हा त्याच्या माजाचा महिना. नर डोंगरात शिळ घातल्यासारखा लांबलचक आवाज काढतो, मादी त्याला उत्तर देते. शिकारी लपून बसतो आणि नळीने कधी मादीचा, कधी प्रतिस्पर्धी नराचा आवाज काढतो. नर धावत येतो, तो सरळ बंदुकीच्या किंवा बाणाच्या टप्प्यात.

आम्ही विचारले, "मग ही विद्या दर वर्षी फळते का?"

यजमानांनी भाषांतर केले तेव्हा गृहस्थ हसले. म्हणाले, "महाराज, पूर्वी एका सादेला नर येई. आता ज्या खोऱ्यात आमची वर्दळ फार, तिथे नर बोलतच नाहीत. मुके होतात. साद घातली की उलट दुसऱ्या अंगाला निघून जातात. आणि म्हाताऱ्या माद्या? त्या तर आम्हाला दिसतसुद्धा नाहीत. असतात तिथेच, पण दिसत नाहीत."

हे ऐकून आमच्या अंगावर काटा आला. अवधूताच्या गुरूने पुढचा धडा घेतला होता. तो आता गाण्याला भुलत नव्हता. पण गाणे हेच त्याला मरणाचे चिन्ह झाले होते. ज्या आवाजाने एकमेकांना बोलवायचे तोच आवाज विश्वासाचा उरला नाही. जे मेले ते मेले. जे जगले त्यांच्या गळ्यातला स्वरही आपण काढून घेतला, याचा हिशेब कोणत्या वहीत लिहायचा?

तेव्हापासून आम्ही या विषयाचे जे मिळेल ते वाचून घेऊ लागलो. इंग्रजी असेल तर आमचा पुतण्या वाचून अर्थ सांगतो. त्यातले निवडक येथे देतो, कारण नुसत्या कळवळ्याने धर्मनिर्णय होत नाही, आधी वस्तुस्थिती पाहावी लागते.

अल्बर्टा विद्यापीठाच्या अभ्यासकांनी एल्कच्या गळ्यात पट्टे बांधले. जनावर केव्हा कोठे होते हे त्या पट्ट्यांवरून उपग्रहामार्फत कळते. २०१२ साली त्यांनी जे प्रसिद्ध केले ते असे : शिकारीत बळी पडले ते बहुतकरून धीट, मोकळ्यावर फार हिंडणारे, वाचले ते बुजरे, कमी हलणारे, आडोसा धरून राहणारे. हा भेद हंगाम सुरू होण्याच्या आधीपासूनच त्यांच्या स्वभावात होता. म्हणजे बंदूक नुसते जनावर निवडत नाही, स्वभाव निवडते. धीट स्वभाव कमी होत जातो आणि भित्रा स्वभाव मागे उरतो.

२०१७ साली त्याच विद्यापीठातून दुसरा अभ्यास आला, तो माद्यांचा. वय वाढते तशी मादी शहाणी होते. हंगामात ती हालचाल कमी करते, रस्त्याजवळ असेल तर दाट झाडीत आणि खडकाळ चढणीवर राहते. धनुष्यबाणाच्या हंगामात एक रीत, बंदुकीच्या हंगामात दुसरी, हेही तिला उमगते. नऊ-दहा वर्षांच्या पुढची मादी शिकाऱ्याच्या हाती जवळपास लागतच नाही. वाटाड्याचे बोलणे आणि विद्यापीठाचे बोलणे एकच निघाले.

शेजारच्या मोन्टाना राज्यात आणखी एक गोष्ट दिसते. सरकारी रानात सर्वांना शिकार मोकळी. खासगी कुरणांत मालक ठरवील त्यालाच प्रवेश. कित्येक कुरणे आउटफिटरांनी भाड्याने घेतलेली असतात आणि तेथे मोजक्याच बंदुका जातात. हंगाम लागला की एल्कचे कळप सरकारी रान सोडून अशा कुरणांत जाऊन राहतात. सरहद्दीची खूण माणसाला कागदावर पाहावी लागते. जनावर ती भयाने ओळखते.

स्वीडनमधील अस्वलांचे तर ऐकूनच घ्या. तेथे कायदा असा की पिले बरोबर असलेल्या मादीवर बंदूक चालवायची नाही. कायदा दयेचाच. पूर्वी बहुतेक माद्या दीड वर्षाची झाली की पिले वेगळी काढीत. काही माद्या आणखी एक वर्ष सांभाळीत. अशा माद्यांचे प्रमाण २००५ साली शंभरात सात होते, ते २०१५ पर्यंत शंभरात छत्तीस झाले, असे २०१८ साली प्रसिद्ध झाले. पिलू बरोबर असेपर्यंत मादी वाचते, म्हणून पिलू जास्त दिवस ठेवणाऱ्याच जास्त उरतात. आईने लेकराला किती दिवस पदराखाली ठेवायचे हे आता काही अंशी बंदूक ठरवते! वाचकहो, हे वाचून आम्ही पुस्तक मिटून ठेवले आणि थोडा वेळ नुसते बसून राहिलो.

आता आमची स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. परक्या देशाचे पाप दाखवायचे आणि आपले झाकायचे, हे व्यासपीठाला शोभत नाही.

आमचे बालपण विदर्भात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यात गेले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व्हायच्या आधी आपल्या देशातही परवाना काढून शिकार करता येत असे, आणि परदेशी पाहुण्यांना रानात नेणाऱ्या शिकार कंपन्या होत्या. नागपुराकडूनही हा धंदा चाले. आज तिकडे जे आउटफिटर, तेच तेव्हा आपल्याकडे होते. १९६९ च्या हिवाळ्यात आमच्या गावाजवळ असा एक तळ पडला. हाक्याला माणसे पाहिजे होती. मोठ्यांना अधिक, पोरांना एक रुपया. आमचे वय दहा. डबे, काठ्या, थाळ्या घेऊन आम्ही ओळीने रानात शिरलो आणि गळा फाटेस्तोवर ओरडलो. समोरून धडधडत एक सांबर निघाले, मचाणाकडे गेले, बार झाला. आमच्या गळ्याचा पहिला मोठा उपयोग हा असा झाला. नाम पुढे आले. आधी हाका आला. रुपया मात्र आनंदाने घेतला, हेही सांगतो.

आमचे आजोबा शेतात माळ्यावर जागल करीत. त्यांना सारे आबा म्हणत. आमच्या शेताशेजारच्या नाल्यावर दिवस मावळायच्या सुमारास सांबरे पाण्याला येत; आबा त्यांना लांबून पाहत आणि काही बोलत नसत. शेतात शिरलीच तर एक हाळी पुरे, ती निमूट वळत. त्या हाक्यानंतर सांबरे नाल्यावर येईनाशी झाली. पंधरा दिवसांनी आली ती मध्यरात्रीनंतर. आबांनी हाळी दिली तर वळायच्या ऐवजी उधळली आणि हरभऱ्याच्या वाफ्यातून आडवीतिडवी गेली. सकाळी ते पीक पाहून आबा म्हणाले, "मेलं ते एकच, बापू. पन भेव साऱ्यायच्या आंगात शिरलं." आम्ही खाली मान घालून उभे राहिलो. रुपया कशात खर्चला ते आठवत नाही. हे वाक्य आठवते.

पुढे पाठशाळेत शाकुंतल लागले. गुरुजींनी पहिला अंक शिकवताना विचारले, "दुष्यंताला तपोवन आले हे कशावरून कळले?" कोणी काही, कोणी काही सांगितले. गुरुजी म्हणाले, "बाकीच्या खुणा असोत; मुख्य खूण हरिणांची. रथाचा आवाज कानी पडूनही ती पळत नाहीत." आणि दुसऱ्या अंकात सेनापती राजापुढे शिकारीची स्तुती करतो, तेव्हा तिच्या लाभांत हाही लाभ सांगतो की भ्यालेल्या आणि चवताळलेल्या प्राण्यांची मने कशी पालटतात ते शिकाऱ्याला पाहायला मिळते. कालिदासाने दोन्ही बाजू मांडून ठेवल्या आहेत. सेनापती म्हणतो, भयाने पालटलेले मन पाहणे हा लाभ. तपोवन सांगते, न पालटलेले मन हीच आमची ओळख. राजाने काय केले? शिकार थांबवली. जनावरांना सावलीत निवांत रवंथ करू द्या, म्हणाला. तेव्हा ते आम्हाला नुसते सुंदर वाटले. हाका केलेला मुलगा आमच्यातच बसून ते ऐकत होता हे ध्यानी आले नाही.

म्हणून प्रश्न असा मांडतो : मारणे आणि भिवविणे हे एकच पाप, की दोन? आणि शिकारीचा दोष मेलेल्यापाशी संपतो, की जगलेल्यापर्यंत पोचतो?

येथे पूर्वपक्ष उभे राहतात, आणि ते पोकळ नाहीत. त्यांना न्याय देऊन मग पुढे जाऊ.

पहिला पूर्वपक्ष : भय हे सृष्टीतच आहे. लांडगाही हरिणाला भिववतो. अमेरिकेच्या यलोस्टोन उद्यानातून लांडगा नाहीसा झाला होता. १९९५ साली अल्बर्टातूनच लांडगे नेऊन तेथे पुन्हा सोडले. लांडगे आले तसे एल्कही सावध झाले. मग माणसावरच दोष का?

याचे समाधान असे. लांडग्याला दुसरा आहार नाही, माणसाला आहे. लांडगा बहुधा पिलू, म्हातारे, दुबळे असे उचलतो. पैसे मोजून आलेला पाहुणा मोठ्या शिंगांचा, भर वयातला नर मागतो. लांडग्यापासून वाचायची रीत हरीण पिढ्यान्‌पिढ्या शिकत आले. तीनशे पावलांवरून येणारी, न दिसणारी गोळी त्याच्या शास्त्रात नव्हती. २०२३ साली कॅनडाच्याच प्राध्यापिका लियाना झॅनेट आणि त्यांचे सहकारी यांनी दक्षिण आफ्रिकेतील क्रुगरच्या रानात प्रयोग केला. पाणवठ्यांजवळ यंत्रे ठेवली. जनावर जवळ आले की यंत्रातून कधी सिंहाची गुरगुर निघे, कधी माणसांचे साधे, शांत बोलणे. ओरडणे नव्हे, बोलणे. एकोणीस जातींची जनावरे पाहिली. सिंहाच्या आवाजाला जितकी पळाली त्याच्या दुप्पट माणसाच्या बोलण्याला पळाली आणि पाणी ४० टक्के अधिक त्वरेने सोडून गेली. सिंहाहून माणसाचे बोलणे भयंकर! ज्या वाणीचे आम्ही व्यासपीठावरून गोडवे गातो ती रानात अशी ऐकू येते. मग भय सृष्टीत आहे हे खरे, पण त्याचा सर्वांत मोठा वाटा आपला, हेही खरे.

दुसरा पूर्वपक्ष : शिकाऱ्याच्याच पैशाने रान वाचले. हे म्हणणे खोटे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी उत्तर अमेरिकेतील एल्क एक लाखाच्या आत आले होते. आज ते सुमारे दहा लाख आहेत. १९३७ साली अमेरिकेत पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला, त्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामी लावला. परवान्यांचा पैसाही त्या कामी जातो. तो वाटाडा आम्हाला म्हणाला होता, "महाराज, शहरातल्या माणसाहून माझं त्या जनावरावर जास्त प्रेम आहे." आम्ही ते खोटे मानीत नाही. हिवाळ्याच्या मांसाची बेगमी म्हणून एक हरीण मारणाऱ्या तेथील गरिबाला शिव्या देण्याचाही आम्हाला अधिकार नाही.

पण पैशाने जमीन विकत घेता येते, संख्या वाढवता येते; भ्यालेल्या मनाची भरपाई पैशाने होत नाही. संख्या दहा लाख झाली हे पुण्यच. परंतु त्या दहा लाखांनी दिवसा चरायचे की रात्री, मोकळ्यावर यायचे की खडकात दडायचे, बोलायचे की मुके राहायचे, हे कोण ठरवतो? सावकाराने धान्य दिले म्हणून त्याने केलेला धाक माफ होत नाही. दोन्ही खाती वेगळी राहतात. शिवाय धंद्याचा एक गुण असा की त्याला थांबता येत नाही. स्वतःच्या भुकेसाठी मारणारा पोट भरले की घरी जातो. आउटफिटरकडे एक पाहुणा गेला की दुसरा आलेला असतो. जनावर मारले गेले नाही तरी हुडकले जाते, उठवले जाते, पुन्हा हुडकले जाते. एका मरणामागे भयाच्या कितीतरी वेळा येऊन जातात.

तिसरा पूर्वपक्ष सर्वांत शहाणा. तो म्हणतो, भय नसलेले जनावर जगत नाही आणि जगूही देत नाही. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. यजमान आम्हाला बॅन्फ या गावी घेऊन गेले. ते १८८५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानात वसलेले आहे आणि तेथे शिकारीला बंदी आहे. तेथे गावाच्या हिरवळीवर एल्क खुशाल चरत होते. जागोजागी सूचना की तीस मीटरांच्या आत जाऊ नका. आम्हाला वाटले, दुष्यंताचे तपोवन सापडले! यजमान हसून म्हणाले, "महाराज, पुढे जाऊ नका. माजावरचा नर शिंगावर घेतो." पूर्वी माणसे त्यांच्या फार जवळ जात, माणसांवर धावून जाण्याचे प्रकार झाले, म्हणून उद्यानाच्या लोकांना काही एल्क दूर नेऊन सोडावे लागले आणि उरलेल्यांना कुत्र्यांकरवी गावाबाहेर हाकावे लागले. म्हणजे थोडा धाक तेथेही घालावा लागला.

या पूर्वपक्षाने आम्हाला फार दिवस छळले. मग उलगडा झाला तो असा : अंतर आणि भय या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सासऱ्यासमोर सून पदर सावरून दूर उभी राहते ते अंतर. मारकुट्या माणसासमोर कोपऱ्यात थरथरते ते भय. आबांच्या हाळीला वळणारी सांबरे अंतर जाणत होती. हाक्यानंतर आली ती भ्यालेली होती. अभय म्हणजे लगट नव्हे. जनावराला हातावर खाऊ घालून लाडावणे हा अभयाचा खोटा भाऊ. त्यातून त्याचाही घात आणि आपलाही. अंतर राखून निर्धास्त, असे जे नाते, तेच तपोवनातले नाते.

आता सिद्धान्त सांगतो. मरण एकदा येते आणि त्या जीवापुरते संपते. भय मागे राहते. ते म्हातारीला नवी वाट शिकवते, आणि पिलू तिच्या मागून तीच वाट चालते. ते धीटाला गाळते आणि भित्र्याला ठेवते. ते दिवसाला रात्र करते. २०१८ साली जगातील ६२ जातींच्या सस्तन प्राण्यांवरील ७६ अभ्यास एकत्र पाहण्यात आले. माणसाचा त्रास आहे तेथे प्राण्यांचा रात्रीचा वावर सरासरीने १.३६ पट वाढलेला आढळला. आणि वाचकहो, त्यात एक वाक्य आपल्यासाठीही आहे. बंदूक घेऊन येणारा माणूस आणि नुसता पायी हिंडायला येणारा माणूस, दोघांमुळेही हे घडते. ज्याने कधी खडा मारला नाही त्यालाही हे भय वारशाने मिळाले आहे. शिकाऱ्याने केलेले कर्ज साऱ्या मनुष्यजातीच्या नावावर चढले आहे.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना आहे, तिच्यात पहिला मान अभयाचा. आम्ही त्याचा अर्थ नेहमी 'आपण कोणाला भिऊ नये' असा सांगतो. तो अर्धा झाला. आपल्याला कोणी भिऊ नये, हा दुसरा अर्धा. जो निर्भय आहे पण ज्याला सारे भितात, त्याला शूर म्हणता येईल, साधू म्हणता येणार नाही. म्हणून आमचे उत्तर असे : मारणे आणि भिवविणे ही पापे दोन आहेत. पहिल्याची मोजदाद कचेरीत होते. दुसऱ्याची होत नाही, म्हणून ते लहान वाटते. ते लहान नाही.

"महाराज, हे सारे ठीक," असे आमचा शेतकरी वारकरी म्हणेल, "पण रानडुकरं रात्रीत भुईमूग उकरून जातात, रोही तूर फस्त करतात, त्याचं काय?" बाबांनो, आम्हीही जागलीच्या घरचे आहोत. पिकाची राखण हा अधर्म नव्हे. कुंपण घाला, जागल करा, डबा वाजवा, बुजगावणे उभे करा, सरकारात नुकसानीचा अर्ज द्या. शिवेवर दिलेली हाळी ही अंतराची भाषा आहे. जनावराला ती समजते आणि ते ती मानते. पण तारेत वीज सोडू नका, पिठाच्या गोळ्यात स्फोटक ठेवू नका, आणि शिवेबाहेर मागे लागून मौजेखातर कुत्री सोडू नका. आपली हाळी शिवेपाशी थांबली पाहिजे. शिवेपुढचे भय ही राखण नव्हे, तो हाका झाला.

आणि वारीच्या वाटेवर? घाटातून, माळरानातून लाखो पाय जातात. नामाचा गजर थांबवा असे आम्ही कसे म्हणू? पण मुक्कामी रात्री झाडीकडे तोंड करून कर्णे लावू नयेत, फटाके उडवू नयेत, रानातला पाणवठा आपल्या धुण्यासाठी अडवू नये, आणि माकडांना खाऊ घालण्याचे पुण्य करू नये. एवढे केले तरी पुष्कळ. आपला गजर ऐकून रानातला एखादा जीव तहानलेला परतला, तर तो गजर कोणाला पोचला?

असो. आम्ही अजूनही अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा सांगतो. हरिणापाशी आलो की पूर्वीप्रमाणे कानाच्या मोहाचा बोध करतो. पण मग क्षणभर थांबतो आणि श्रोत्यांना विचारतो, "मंडळी, हरीण चुकले खरे, पण गाणारा कोण होता? तो आपल्यापैकीच होता ना?" टाळ थांबतात. मंडपात शांतता होते. मग आम्ही सांगतो की १९६९ साली एका रुपयासाठी आम्हीही ओरडलो होतो, आणि तोच गळा आज नाम घेतो आहे. देवाने तो काढून घेतला नाही ही त्याची कृपा.

ती मुलगी आता मोठी झाली. तिला आम्ही गेल्या वर्षी पत्र लिहिले : बाळ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर सापडले. गाणाऱ्याचे पाप हे की त्याने हरीण मारले, एवढेच नव्हे. त्याने गाण्यावरचा विश्वास मारला. तो विश्वास परत आणणे एका जन्माचे काम नाही. पण आपल्यापुरती सुरुवात करता येते. दुष्यंताला आश्रम आला हे कोणी पाटी वाचून सांगितले नव्हते, हरिणांनी सांगितले होते. आपल्या शिवेत पाऊल टाकणाऱ्यालाही, येथे नाम घेणारी माणसे राहतात, हे जनावरांच्या चालीवरून कळावे.

रामकृष्णहरि.